बुवांचे ‘नाही’

घोडा पाहायचा नसतो, ऐकायचा असतो, असे आमचे बुवा म्हणत. म्हणताना त्यांची पाठ रस्त्याकडे असे आणि तोंड स्वतःच्याच घराच्या भिंतीकडे. भिंतीवर पाहण्यासारखे काही नव्हते. चुन्याचे पोपडे निघालेले होते, एवढेच. पण खंडेनवमीच्या दुपारी देवासात जी गर्दी त्यांच्या ओट्यापुढे जमे, ती देवळातही जमत नसे.

त्यांच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. मला लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहितो, तेवढीच. शिवाय खाँसाहेब हयात असेपर्यंत यातले काही लिहिणे बरे नव्हते. खाँसाहेब म्हणजे पागेतले चाबुकस्वार, घोड्यांना चाल शिकवणारे, आणि बुवांचे जन्माचे मित्र. आता दोघेही गेले. बुवा आधी गेले, खाँसाहेब मागून.

आमचे घर धारचे, जिनगराचे. खोगिरे आणि लगाम शिवणे हा आमचा पिढीजात धंदा; म्हणजे घोड्याशी आमचा संबंध जुना, पण चामड्यापुरता. घरात शाळेचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. पुढे इंग्रजी शिकायचे म्हणून मला देवासला ठेवायचे ठरले, तेव्हा वडिलांच्या ओळखीचे तिथे एकटे खाँसाहेब होते. आमच्या दुकानातून ते खोगिरे नेत. त्यांनी मला हाताला धरून बुवांच्या ओट्यावर नेले आणि म्हणाले, “बुवा, हा पोरगा तुमच्याकडे राहील. जिनगराचा आहे, पण अक्कल चामड्याची नाही.”

बुवा भिंतीकडेच तोंड करून बसले होते. मी दोन पायऱ्या चढलो. ते म्हणाले, “डाव्या जोड्याची टाच झिजलीय. घरी चामडं असून?”

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी काढलेला हा पहिला शब्द.

बुवा जातीने गुरव. महादेवाच्या एका लहानशा देवळाची पूजा त्यांच्याकडे होती आणि गावातल्या कीर्तनांना पखवाजाची साथ तेच करीत. त्यांच्या घरात सगळे काही तालावर चाले, नाहीतर बंद पडे. काकू दळायला बसल्या की आतून बुवांचा आवाज येई, “लय ओढतेयस!” काकूही काही कमी नव्हत्या. “मग या, तुम्हीच ओढा,” असे त्या जात्यावरूनच सांगत. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते. कीर्तनाच्या दिवशी बुवा परातीतली भिजवलेली कणीक उचलून नेत आणि रात्री पानात पोळी कमी पडली की काकू म्हणत, “तुझी पोळी मृदंगाने खाल्ली रे. बुवांना विचार, गोड लागली का.”

मी इंग्रजी धडे मोठ्याने वाची. बुवांना त्यातले अक्षर कळत नसे. पण ते मधेच थांबवीत. “ही ओळ लंगडली. परत वाच.” मी परत वाची, तर खरेच माझे एखादे अक्षर खाल्लेले असे. पुढे कॉलेजात आमचे प्रोफेसर माझे वाचन बरे म्हणाले, त्याचे श्रेय कुणाचे हे मी त्यांना सांगू शकलो नाही. गुरवाच्या पखवाजाचे, असे कसे सांगणार?

ज्या रस्त्यावर बुवांचे घर होते, त्या रस्त्याची गंमत बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. देवासात दोन राज्ये. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण अलीकडचा ओटा एका राज्यात, तर पलीकडचा दुसऱ्या राज्यात. बुवा थोरल्या पातीत राहात. समोर, धाकट्या पातीत, खाँसाहेबांची खोली होती. खाँसाहेब म्हणत, “बुवा, तुमची गाय शेपूट हमारे राज में हिलवते. तक्रार करू क्या?” बुवा म्हणत, “करा. शेण आमच्या बाजूला पडतं तोवर माझी हरकत नाही.” संध्याकाळी दोघे एकाच ओट्यावर बसत, कधी या राज्यात, कधी त्या.

शर्यती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेकडीखालच्या मैदानात होत. दोन्ही पातींच्या पागांतले घोडे असत, शिवाय आसपासच्या जहागीरदारांचे. नवमीला दुपारी सगळे घोडे न्हाऊ घालायला तळ्यावर नेत आणि तिकडे जायचा रस्ता बुवांच्या ओट्यापुढून होता. त्यामुळे परवाच्या शर्यतीत काय होणार, हे गावाला आज कळायचे ते बुवांकडून.

बुवा पाठ फिरवून बसत, डोळे मिटत आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर ठेवीत. घोडा आला की बोटे हलू लागत. घोडा पुढे जाई. मग बुवा म्हणत, “हा नाही.”

बस, एवढेच. जिंकणाऱ्याचे नाव ते कधीही घेत नसत. “जिंकणं देवाच्या हातात. हरणं मात्र घोडा स्वतःच्या पायाने सांगत जातो,” असे त्यांचे म्हणणे. एकेक घोडा जाई, आणि “हा नाही, ही नाही, हाही नाही” असे चाले. ज्या घोड्याच्या वेळी बुवांची बोटे चालत राहात आणि तोंडातून शब्द निघत नसे, तो घोडा लोकांनी धरायचा. त्या क्षणी गर्दीत अशी काही खळबळ उडे, की त्या घोड्याचा लगाम धरून चालणारा मोतद्दार छाती काढून चालू लागे. पैजा लागत त्या दाल-बाफल्यांच्या जेवणाच्या, जिलबीच्या, फार तर एखाद्या फेट्याच्या.

कुणी नवा माणूस विचारी, “कंई के बुवा, यो घोड़ो क्यूँ नी?” तर कधी लहर लागल्यास बुवा कारण सांगत. “पुढचा पाय समेवर टाकतो, मागचा विचार करून टाकतो. विचार करणाऱ्याने शर्यतीत पडू नये.” किंवा, “चाल सुरेख आहे. वरातीला न्या.” एकदा एका जहागीरदारांचा फार देखणा अबलख घोडा गेला. बुवा म्हणाले, “हा पोटाने पळतो.” सगळे हसले. त्या घोड्याने शर्यतीत अर्ध्या वाटेत थांबून गवताला तोंड लावले, तेव्हा बुवांची कीर्ती उज्जैनपर्यंत गेली.

आणि हे बुवा घोड्याला भीत. मनापासून भीत. रस्त्यात समोरून घोडा आला की ते धोतराचा सोगा आवरून कुणाच्याही ओट्यावर चढत. आयुष्यात त्यांनी घोड्याला हात लावलेला नव्हता. खाँसाहेब त्यांना फार छळत. “बुवा, तुम्ही घोड्याचे इतके मोठे पंडित, एक बार पाठीवरून हात तरी फिरवा!”

“वाघाची डरकाळी ओळखायला वाघाला कुरवाळावं लागत नाही,” बुवा म्हणत.

खाँसाहेबांची विद्या वेगळी. ते घोडा पाहत, आणि पाहत ते मुख्यतः भोवऱ्या. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठे भोवरा असला म्हणजे शुभ आणि कुठे असला म्हणजे धन्याला खाणारा, हे त्यांना तोंडपाठ होते. “तुमची टाप जमिनीवर पडते, बुवा. जमीन कधी ओली, कधी सुकी. भोवरी खुदाने काढलेली असते, ती बदलत नाही.” यावर वाद होई. दर नवमीला बुवा खाँसाहेबांच्या घोड्यालाही हटकून “हा नाही” म्हणत, आणि खाँसाहेब खोगिरावरूनच सलाम करीत. “मेहरबानी! आता तर नक्की जिंकतो.” बहुतेक वेळा हरत. मग घरी बोलावून बुवांना जेवू घालत. बुवांसाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत रांधून घेत. एकदा जिंकले होते. त्या वर्षी त्यांनी ओट्यापुढे वाजंत्री आणली आणि बुवांना पखवाजावर साथ करायला लावली. बुवांनी केली. रागाने केली, पण बेतालपणा कुठे होऊ दिला नाही.

म्हणजे सांगायचे ते असे, की दोघांत ‘नाही’ हा थट्टेचा शब्द झाला होता.

ज्या वर्षाबद्दल सांगायचे आहे, त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन इंदूरला कॉलेजात गेलो होतो. दसऱ्याच्या सुट्टीत धारला जाण्याआधी शर्यती पाहाव्या म्हणून देवासला आलो. खाँसाहेबांची ही शेवटची शर्यत होती. दाढी पांढरी झाली होती, गुडघे धरत होते. दसऱ्यानंतर त्यांच्या जागी नवा चाबुकस्वार येणार हे पागेत ठरून गेले होते. त्यांचे त्याबद्दल काही म्हणणे नव्हते. त्यांना एवढेच हवे होते, की एकदा, सगळ्या गावापुढे, मैनेवर बसून दौडायचे.

मैना ही कुमाईत, तांबूस रंगाची घोडी. तिची आई तिला जन्म देऊन मेली, तेव्हा खाँसाहेबांनी तिला गाईच्या दुधावर वाढवली. घोडी पागेची होती, पण तिच्यापुढे शब्द चाले तो खाँसाहेबांचा. त्यांची हाक ऐकली की ती तोबऱ्यातून तोंड काढी. तिच्या गळ्याखाली देवमण नावाचा भोवरा होता. खाँसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून दाखवीत. “देखो भिया, हा देवमण. ज्याच्या गळ्यात हा, त्याचे सारे ऐब माफ. हिला काही होणार नाही आणि हिच्यावर बसणाऱ्याला पण नाही.”

नवमीला बुवा नेहमीसारखे बसले. गर्दी नेहमीसारखी होती. पाचसहा घोडे गेले, त्यांना ‘नाही’ झाले. एक सब्जा, पांढुरक्या रंगाचा घोडा गेला, तेव्हा बुवांची बोटे चालत राहिली आणि ओठ मिटलेले राहिले. गर्दीने काय ते समजून घेतले. मग मैना आली. खाँसाहेब स्वतः वर बसले होते, फेट्यात झेंडूचे फूल होते.

बुवांची बोटे गुडघ्यावर दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा पडायची तशीच वर राहिली.

“ही नाही,” ते म्हणाले.

हशा झाला. खाँसाहेबांनी सलाम केला. “मेहरबानी बुवा! मी वाटच बघत होतो!”

“ही नाही!” बुवा परत म्हणाले. आवाज चढला होता. आणि मग जे कधी झाले नव्हते ते झाले. ते भिंतीकडून वळले, उठले, ओट्याच्या पायऱ्या उतरून मैनेच्या अंगावरच गेले. “खाँसाहेब, अहो, ही नाही! ही नाही हो!”

माणूस असा एकदम अंगावर आल्याने मैनेने मान उडवली आणि एक पाऊल पुढे टाकले. बुवा दचकून मागे सरले, पायरीला अडखळले आणि खाली बसले. मग तर विचारूच नका. माणसे पोट धरधरून हसली. कुणी ओरडले, “बुवा भ्याले! मैनेने हो म्हटलं, बुवांनी नाही म्हटलं!” खाँसाहेबही हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. “दोन वेळा नाही! अरे, मग दोन वेळा जिंकतो की!” असे म्हणत ते तळ्याकडे निघून गेले.

संध्याकाळी बुवा पखवाज घेऊन बसले, पण वाजवीनात. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “उजव्या मागच्या पायाची टाप कोरडी पडते. बाकीच्या तीन जमिनीत जातात, ती वरच राहते. घोडी पाय चोरतेय. बाहेर सूज नसेल, दिसायचं काही नाही. पण हाडात आवाज आहे. भरधाव सोडली तर तो पाय राहायचा नाही.”

“मग त्यांना सांगा ना, बुवा.”

“सांगितलं की.”

“तुम्ही ‘ही नाही’ म्हणालात. ते सगळे हरण्याचं समजले.”

बुवांनी पखवाज बाजूला सरकवला. मग म्हणाले, “माझ्याजवळ दुसरं ‘नाही’ कुठं आहे रे?”

मी म्हटले, की मी येतो बरोबर, आत्ताच पागेत जाऊ. ते उठलेसुद्धा. पण दाराशी थांबले. “आणि माझा कान चुकला असला तर? रस्त्यात खडी होती. एखादा खडा नालेत बसला असला तर? त्या माणसाची शेवटची दौड आहे. माझ्या कानासाठी ती घालवायची?” त्या दिवशी ते गेले नाहीत. उद्या दसरा, उद्या खाँसाहेब सोने द्यायला येतीलच, तेव्हा शांतपणे सांगू, असे त्यांनी मनाशी ठरवले.

दसऱ्याला खाँसाहेब आले. जरीचा जुना अंगरखा घातला होता. दोन्ही हातांत आपट्याची पाने होती. बुवांना मिठी मारून म्हणाले, “सोनं घ्या बुवा, सोन्यासारखे राहा.” बुवांनी पाने घेतली, आपली दिली आणि म्हणाले, “खाँसाहेब, एक सांगायचं होतं. मैना...”

खाँसाहेबांनी पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “आज नाही. आज सण आहे. आज तुमच्या तोंडातून तो शब्द निकलू देऊ नका. उद्या हरलो तर बाफले माझे, जिंकलो तर तुमचे. पण आज दुआ द्या.”

सोने हातात असताना अभद्र बोलायचे नसते. लहानपणापासून आपल्याला हे सांगितलेले असते. बुवा तर देवाचे पुजारी. त्यांचे ओठ हलले. मी शेजारीच उभा होतो, मला वाटले आता बोलतील. पण ते एवढेच म्हणाले, “सांभाळून दौडवा.”

“हो, हो,” खाँसाहेब म्हणाले, “मुलीसारखी सांभाळतो,” आणि काकूंना सोने द्यायला आत वळले.

शर्यतीच्या दिवशी बुवा मैदानावर आले. यायचे टाळतील असे मला वाटले होते. नेहमीच्या वडाखाली, मैदानाकडे पाठ करून बसले. घोडे सुटले. मी पाहत होतो. मैना पहिल्यापासून पुढे होती. असे धावणे मी पुन्हा पाहिले नाही. खाँसाहेब तिच्या मानेवर वाकले होते आणि त्यांचे पांढरे केस फेट्यातून सुटले होते. लोक उभे राहून ओरडत होते. मला वाटू लागले, की बुवांचा कान चुकला. खरे सांगतो, मला फार आनंद झाला. मी “बुवा, बघा!” म्हणून वळलो, तर त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

वळणावर ती पडली. मैनेचा मागचा पाय मोडला होता. खाँसाहेब दूर फेकले गेले. त्यांचा खांदा निखळला. ते तसेच सरपटत घोडीपाशी गेले आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसले. तिच्या मागून सब्जा घोडा गेला आणि तोच पहिला आला.

मग लोकांनी काय करावे? त्यांनी बुवांना खांद्यावर घेतले. बुवांचा शब्द खरा झाला होता. ज्याला ‘नाही’ म्हटले नाही तो जिंकला आणि जिला दोनदा नाही म्हटले ती पडली! कुणी झेंडूची माळ त्यांच्या गळ्यात घातली. बुवा हातपाय झाडत होते, “खाली ठेवा, अरे खाली ठेवा,” म्हणत होते, पण त्या ओरड्यात त्यांचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. त्या खांद्यांवरून त्यांना मैदानाचा तो कोपरा सरळ दिसत असला पाहिजे. मीही त्या गर्दीला आवरू शकलो नाही. मोडलेल्या पायाच्या घोडीचे जे करतात ते दिवस मावळायच्या आत केले गेले. बंदुकीचा आवाज गावात ऐकू आला.

खांदा बरा झाल्यावर खाँसाहेब देवास सोडून धारला मुलीकडे गेले. जाताना बुवा देवळात होते. भेट झाली नाही. बुवा मुद्दाम देवळात बसून राहिले असे काकू म्हणाल्या. त्यानंतर नवमीला बुवा ओट्यावर बसले नाहीत. लोक येत, हाका मारीत, नाराज होऊन जात. कुणी म्हणाले बुवांना गर्व झाला. कुणी म्हणाले दुसऱ्या पातीवाल्यांनी तोंड बंद केले. कीर्तनाची साथ तेवढी चालू होती. पण पूर्वी बुवा साथ करताना डोळे मिटत, ते आता उघडे ठेवू लागले, हे माझ्या लक्षात आले.

मी धारला जाई तेव्हा खाँसाहेबांना भेटे, आणि देवासला आलो की बुवा पहिल्यांदा तेच विचारीत. “खांदा कसा आहे? जेवतात का? माझ्याबद्दल काही बोलतात?” मी म्हणे, “तुमची फार आठवण काढतात.” यावर ते पखवाजाची वादी ओढत बसत. शेवटी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणाले, “मला घेऊन चल. देवाची पूजा भाच्याला सांगतो. एकदा माफी मागितली की मोकळा होईन.”

इंदूरपर्यंत टांगा आणि पुढे बैलांची दमणी. बुवा देवासच्या शिवेबाहेर फारसे गेलेले नव्हते. पण त्यांचे लक्ष वाटेकडे नव्हते. ते शब्द जुळवीत होते. “असं म्हणू का? ‘खाँसाहेब, मला ठाऊक होतं आणि मी तुम्हांला उघड सांगितलं नाही.’ नको, हे फार एकदम होतं. ‘खाँसाहेब, त्या दिवशी माझं ‘नाही’ वेगळं होतं.’ हे त्यांना कळेल का?” मी म्हणालो, “बुवा, तुम्ही नुसतं सांगा, जुळवू नका.” ते म्हणाले, “तुला काय! तू शिकलेला.” मला यातले काहीच शिकवलेले नव्हते.

खाँसाहेबांची मुलगी तळ्याजवळ राहत होती. खाँसाहेब बाजेवर बसले होते. बुवांच्या चपलांचा आवाज ऐकून नव्हे, तर त्यांना पाहून, ते उठायला धडपडले. दोघांनी मिठी मारली. मग खाँसाहेबांनी शेजारपाजाऱ्यांना हाका मारल्या. “अरे, आओ, आओ! हे बघा, हेच ते! मी सांगतो ना तुम्हांला, देवासचा माझा दोस्त! यांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं, ही नाही म्हणून. सगळे हसले, मी पण हसलो. आणि काय झालं? शब्द खाली पडला नाही!” लोक जमले आणि बुवांकडे सिद्धपुरुषाकडे पाहावे तसे पाहू लागले. एका म्हातारीने तर नमस्कार केला.

बुवा घामाघूम झाले होते. लोक गेल्यावर ते म्हणाले, “खाँसाहेब, मी त्याचंच बोलायला आलो.”

“बोला ना. पण आधी माझं ऐका.” खाँसाहेबांचा आवाज उतरला. “एक गोष्ट कुणाला विचारता येत नाही. तुम्हांलाच येते. मी भोवऱ्या बघणारा माणूस. देवमण होता, तरी नसीब फुटलं. ठीक आहे, खुदाची मर्जी. हरायचं तिच्या कपाळी होतं, ते तुम्ही ऐकलं. मी मानतो. पण बुवा, तिला दुखत होतं का? आधीपासून? मी वर बसलो, टाचेने एड लावली, तेव्हा तिचा पाय दुखत होता का? रात्री हाच विचार येतो. तुम्ही तिची टाप ऐकली होती. सांगा मला. जे असेल ते सांगा.”

बुवांनी माझ्याकडे पाहिले. वाटभर जुळवलेले सगळे शब्द त्यांच्याजवळ होते. आता ते नुसते उच्चारायचे होते, आणि खाँसाहेब ऐकायला तयार होते.

“छे हो,” बुवा म्हणाले. “पाय साफ होता. चारी टापा एकसारख्या. मला एवढंच वाटलं, की तो सब्जा जरा जास्त जोरात आहे. अंदाज हो, दुसरं काय. वळणावर एखादा दगड आला असेल.”

“खरं सांगता?”

“महादेवाची शपथ.”

खाँसाहेबांनी तोंडावर फेट्याचे टोक धरले. मग डोळे पुसून मुलीला हाक मारली. “बेटी, समोरच्या पंडितांकडे निरोप दे. बुवांसाठी बाफले करायला सांग. तूप जास्त.” आणि बुवांच्या गुडघ्यावर थाप मारून, पुष्कळ दिवसांत बोलले नसतील अशा मोकळ्या आवाजात म्हणाले, “तुमचा अंदाज म्हणजे कमाल आहे, भिया. पण कशासाठी आला होता, ते तर राहिलंच. तुम्ही काय सांगणार होता?”

“काही नाही,” बुवा म्हणाले. “सहज आलो. भेटावंसं वाटलं.”

जेवताना खाँसाहेब समोर बसून आग्रह करीत होते, म्हणून बुवा जेवले. दुसऱ्यांदा तूप घेतले.